राखेखालच्या गोगलगायी

मी आयुष्यात पुष्कळ माणसांवर जळलो. माझ्या मागून येऊन माझ्या आधी हेडमास्तर झालेल्यावर जळलो, विलायतेला जाऊन आलेल्या वर्गबंधूवर जळलो, शेजारी आमच्याआधी विजेचा दिवा लागला तेव्हा चार दिवस त्या घराकडे मान वळवली नाही. पण ते सगळं वरवरचं. पोटात दुखेपर्यंत जळलो तो एका मेंढ्या राखणाऱ्या बाईवर. तिला अक्षरओळख नव्हती आणि माझ्याकडे शास्त्राची पदवी होती. इतक्या वर्षांनी एवढं कबूल करायला मला लाज वाटत नाही. लाज वाटावी अशी गोष्ट पुढे आहे.

सन तीसच्या पुढेमागे मी सोलापूरच्या एका शाळेत शास्त्र शिकवत असे. शास्त्र म्हणजे एक काचेचं कपाट, त्यात पेंढा भरलेला कावळा, स्पिरिटमध्ये बुडवलेला साप आणि एक भिंग. कॉलेजात मी प्राणिशास्त्रात पहिला आलो होतो, आणि आता त्या कावळ्याच्या संगतीत म्हातारा होणार हे मला स्पष्ट दिसत होतं. गिरणीच्या भोंग्याबरोबर उठावं, शाळेत जावं, बेडकाचं चित्र फळ्यावर काढावं, पुसावं. अशात पुण्याहून एक प्राध्यापक आले.

सोलापूरजवळच्या कुंभारी गावाच्या पलीकडे ओढ्याच्या काठाला पांढरीचं एक टेकाड होतं. पांढरी म्हणजे मोडून गेलेल्या जुन्या वस्तीची राखाडी माती. आमच्याकडचे लोक ती गाड्या भरून नेतात, शेतात पसरतात, घराच्या सपाट माळवदावर टाकतात. त्या मातीत खापरं निघत, हाडं निघत. खापरं पोरं ओढ्यात भिरकावत आणि हाडं मातीबरोबर शेतात जात. प्राध्यापकांना नेमकी ती हाडं हवी होती.

दुसरे लोक नाणी शोधतात, मूर्ती शोधतात. ह्यांना शोधायचा होता पाऊस. म्हणजे त्या वस्तीच्या काळी ह्या मुलखात पाऊस कसा होता, गवत कसं होतं, ओढा बारा महिने वाहत होता की तेव्हाही आतासारखा संक्रांतीलाच आटत होता. "पाऊस मागे काही ठेवत नाही," ते म्हणाले, "पण पावसावर जगणारी जनावरं हाडं ठेवतात. चिखलात राहणारं जनावर निघालं तर चिखल होता. काटेरी झुडपं ओरबाडणारं निघालं तर काटेरी झुडपं होती." इतकी सोपी, इतकी सुंदर गोष्ट मला कॉलेजात कोणी सांगितली नव्हती. त्यांना प्राणिशास्त्र जाणणारा माणूस हवा होता, आणि सोलापुरात तो मीच होतो. मी दोन महिन्यांची रजा काढली.

पहिल्याच दिवशी ते सहज म्हणाले, "पुढच्या वर्षी आमच्याकडे एक मदतनीसाची जागा होईल. बघू तुमचं काम." ते सहज बोलले, पण मी त्या एका वाक्यावर दोन महिने जगलो. घरी बायकोला सांगितलं की आपण पुण्याला जाणार. तिने लगेच कोणती भांडी न्यायची आणि कोणती नणंदेला द्यायची ते ठरवून टाकलं.

रोज सकाळी मी सायकलवर कुंभारीला जाई. जाताना ऊन डोळ्यांवर, येताना पुन्हा ऊन डोळ्यांवर. घरी आलो की आधी परसात आंघोळ. धोतर वेगळं, टोपी वेगळी, त्यांची दोरीही वेगळी. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी हाडाला हात लावलेला नव्हता, आणि मी दिवसभर मेलेल्या गुराढोरांच्या बरगड्या चिवडून येत होतो. बायकोला विहिरीवरून दोन घागरी जास्त ओढाव्या लागत, आणि त्या ती जरा जोरात आदळत असे.

आता माझी पहिली चूक सांगतो. पहिल्या आठवड्यात जी हाडं निघाली ती प्राध्यापकांनी माझ्या स्वाधीन केली. "स्वच्छ करून ठेवा," म्हणाले. आमच्या घरात स्वच्छ म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मी राख घेतली, नारळाची शेंडी घेतली, आणि ओढ्यातल्या डबक्याशी बसून एकेक हाड पितळेच्या तांब्यासारखं घासलं. आत पोकळ असलेल्या हाडांत काडी घालून, पाणी खळखळवून, सगळी घाण काढून टाकली. संध्याकाळी चादरीवर मांडून ठेवलं तेव्हा मला माझाच अभिमान वाटला. हाडं लखलखत होती. मला वाटलं, आता ह्यांना शिवायलाही हरकत नाही.

प्राध्यापकांनी एक हाड उचललं, त्याच्या पोकळीत डोळा लावला, आणि खाली ठेवलं. दुसरं उचललं, खाली ठेवलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "अहो मास्तर, आतली माती कुठे गेली?"

मी म्हणालो, "काढून टाकली."

"त्या मातीतच सगळं होतं हो," ते म्हणाले. "मोठी जनावरं माणूस हाकत आणतो, लांबून विकत आणतो. ती खोटी साक्ष देऊ शकतात. मला पाहिजे ते बारीकसारीक. उंदराचा दात, बेडकाचं हाड, किडामुंगी. जे माणूस मुद्दाम आणत नाही, आणि जे आपलं ठिकाण सोडून लांब जात नाही. ते असल्या पोकळ्यांत अडकून राहतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते पुढचं हाड उचलून त्याच्या पोकळीत बघू लागले. तेवढ्यात मागून आवाज आला, "ह्यातली निम्मी मेंढराची न्हाईत. शेळीची हाईत."

ती मातीच्या पाट्या वाहायला आलेल्या बायांपैकी एक होती. चाळिशीची, बुटकी, काळीसावळी, कपाळावर मोठं कुंकू. मूळची मंगळवेढ्याकडची. दुष्काळात त्यांची मेंढरं मेली, उरलेली पाच-सात घेऊन ती आणि तिचा नवरा कुंभारीला येऊन राहिली होती. मी त्या हाडांवर एकसारख्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, "मेंढी, मेंढी, मेंढी." माझ्या पुस्तकात मेंढीच्याच सांगाड्याचं चित्र होतं.

प्राध्यापकांनी विचारलं, "कशावरून, बाई?"

तिने पायाच्या दोन नळ्या उचलल्या. "ही बघा की सायेब. शेळीची नळी आखूड अन् दांडगी. मेंढराची लांबट अन् बारीक. डोळं झाकून द्या, सांगती." आणि खरोखर ती डोळे मिटून उभी राहिली. प्राध्यापक लहान मुलासारखे तिच्या हातात एकेक हाड देत गेले आणि ती सांगत गेली. मेंढरू. शेळी. शेळी. ही गाय. हे कोकराचं, ह्याचं जोड अजून भरल्यालं न्हाय. तिच्याकडे पाय मोडलेली कोकरं आणत असत. ती बांबूच्या कामट्या लावून बांधायची. जिवंत कातड्याखालचं हाड जिला बोटांनी कळत होतं, तिला उघडं हाड कळायला काय वेळ लागणार? मी मात्र आयुष्यात हाड चित्रात पाहिलेलं आणि आता घासलेलं.

दुसऱ्या दिवसापासून कामाची वाटणी झाली. हाडं मातीतून काढायची, झाडायची, आतली माती तळहातावर टिचकीने पाडून बघायची, हे तिच्याकडे. रजिस्टर, फूटपट्टी आणि चिठ्ठ्या माझ्याकडे. टेकाडात खणलेल्या चराच्या काठाला एक खुंटी ठोकलेली होती. वस्तू निघाली की खुंटीच्या पातळीपासून ती किती खोल, कोणत्या थरात, हे मोजून लिहायचं. "चिठ्ठीशिवाय हाड म्हणजे कुत्र्याने टाकलेलं हाड," असं प्राध्यापक म्हणत. लेखणी माझ्या हाती आली होती, पण मला ती शिक्षाच वाटली.

आणखी एक गोष्ट मला सलत होती. मी तिला "अगं" म्हणत असे, सगळेच म्हणत. प्राध्यापक तिला "अहो बाई" म्हणत. मलाही "अहो मास्तर." म्हणजे आम्ही दोघं एकाच तराजूत. हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तुम्हीही अहो म्हणा, काय बिघडतं?" त्या रात्री मी तिच्याशी बोललो नाही.

पुढे एकदा माझा दिवस उगवला, असं मला वाटलं. वरच्या थरात मला, माझ्या स्वतःच्या हाताला, शिंगाचा एक तुकडा लागला. वीतभर, थोडासा वाकडा. मी पुस्तक उघडलं, मोजलं, ताडून पाहिलं. बारशिंगा! दलदलीत, उंच गवतात राहणारं हरीण. म्हणजे ह्या रखरखीत कुंभारीला कधीकाळी दलदल होती! मी तो तुकडा रुमालावर ठेवून प्राध्यापकांपुढे धावतच गेलो. मनातल्या मनात मी पुण्याच्या घराला पडदेही लावले होते.

प्राध्यापकांचाही चेहरा उजळला. "बारशिंगाच आहे," ते म्हणाले. तेवढ्यात ती पाटी ठेवून आली, पदराला हात पुसले, तो तुकडा सरळ उचलून मुठीत धरला. तिच्या मुठीत तो असा बसला की जणू तिच्यासाठीच केला होता. मग तिने कमरेचा विळा काढला आणि त्याची मूठ शेजारी धरली. दोन्ही सारख्या गुळगुळीत, अंगठ्याजवळ दोन्ही सारख्या झिजलेल्या.

"ही मूठ हाय, सायेब," ती म्हणाली. "कुनाच्या तरी विळ्याची. लई वापरल्याली."

प्राध्यापकांनी भिंगातून पाहिलं. एका टोकाला करवतीच्या रेघा होत्या. ते मोठ्याने हसले. "म्हणजे बारशिंगा कुठेतरी लांबच्या रानात होता, आणि त्याचं शिंग बाजारातून इथे आलं. छान, बाई. मास्तर, लिहून घ्या. शिंगाची मूठ."

मी लिहून घेतलं. माझा बारशिंगा माझ्याच हाताने रजिस्टरात मूठ झाला. तिला माझा अपमान करायचा नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं, आणि त्यानेच अंगाचा जास्त तिळपापड होत होता. तिने मुद्दाम केलं असतं तर मला तिच्याशी भांडता आलं असतं. ती उलट जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मास्तर, हुरडा खानार का? गरम हाय." मी नाही म्हणालो. वास मात्र दुपारभर नाकात राहिला.

शिमगा जवळ आला. ऊन तापायला लागलं. एकदा आम्ही तिघं ओढ्याच्या काठाने चाललो होतो. उन्हाळ्यातही न आटणाऱ्या एका डबक्याशी प्राध्यापकांनी चिखलातून हरभऱ्याच्या डाळीएवढी एक गोगलगाय उचलली आणि विचारलं, "बाई, असली तुमच्या हातावर पडते का कधी?"

ती एकदम मागे सरली. "ही वंगाळ. ही आसंल तितं आमी मेंढरू नेत न्हाय."

"का?"

"ही जितं, तितलं गवत खाल्लं की मेंढराच्या काळजात किडा हुतो. पानासारखा चपटा. मग गळ्याखाली सूज येती अन् मेंढरू जातं. कोरड्या रानात ही न्हाय मिळायची. बारमाही वल पायजे हिला. आमचं मोठं मानूस रानात आधी खाली वाकून हीच बघायचं, मग कळप सोडायचं."

प्राध्यापक तिथेच एका दगडावर बसले. खिशातली वही काढली. "पुन्हा सांगा, बाई. सावकाश." ती सांगत गेली, ते लिहीत गेले. किती पाणी लागतं, कोणत्या महिन्यात दिसते, आटल्यावर शंख कुठे राहतात. मी बाजूला उभा. माझ्या पायांवर ऊन आलं, मग सावली आली. त्या मेंढरांच्या आजाराबद्दल मी कॉलेजात शिकलो होतो! गोगलगायीतून तो किडा कसा जातो, त्याची आकृती मी परीक्षेत काढली होती, पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. पण त्यावरून पाऊस वाचता येईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. दोन महिन्यांत प्राध्यापकांनी माझं एक वाक्य वहीत घेतलं नव्हतं. तिची त्यांनी तीन पानं घेतली. मी पानं मोजली, हेही सांगून टाकतो.

उठताना ते म्हणाले, "ही जर टेकाडाच्या आत, न हललेल्या थरात मिळाली, तर माझा प्रश्न सुटला."

ती म्हणाली, "म्हंजी तवा हितं पानी हुतं आसं हुईल?"

"होय. बारमाही."

"मग गवतबी आसंल की," ती म्हणाली, आणि उघड्याबोडक्या माळाकडे बघत राहिली. मेलेली मेंढरं ती मनात मोजत होती हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की प्राध्यापक तिच्याकडे बघत होते.

आठवड्याने त्यांना परीक्षेच्या कामासाठी पुण्याला परत जावं लागलं. चर बुजवून, पेट्या भरून रेल्वेने पाठवायचं काम माझ्यावर सोपवलं. ते गेले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, बुजवण्याआधी भिंती झाडताना, तिने चरातून हाक मारली, "मास्तर! ओ मास्तर! पट्टी घिऊन या की!"

मी काठाशी गेलो. ती खाली चरात उभी होती, तिचं डोकं काठाच्या दोन हात खाली होतं. राखेचा एक थर, त्याच्याखाली हातभर काळी चिकट माती, त्याच्याखाली पुन्हा राख. त्या काळ्या मातीचं ढेकूळ तिने फोडलं होतं, आणि तिच्या तळहातावर आठ-दहा बारीक शंख होते. हरभऱ्याच्या डाळीएवढे, पांढरे पडलेले.

"तीच हाय," ती म्हणाली. "वरची राख मोडल्याली न्हाय, खालची न्हाय. मधीच हाय. सायेब म्हनलं हुतं तसंच. मोजा, मोजा."

मी खाली उतरलो आणि मोजलं. चार फूट दोन इंच. मी दोनदा मोजलं. वरच्या राखेला कुठे उंदराचं बीळ नव्हतं, भेग नव्हती. तिने शंख माझ्या हातावर ओतले. तिचा चेहरा इतका आनंदात होता की मला बघवेना. ती म्हणाली, "सायेब लई खूश हुतील." आणि पाटी उचलून वर गेली.

मी कडुलिंबाखाली रजिस्टर घेऊन बसलो. कागदाची पुडी केली, शंख आत टाकले. चिठ्ठीवर आकडा घातला. पुढे थर आणि खोली लिहायची जागा होती. मला तेव्हा प्राध्यापकांचा छापील अहवाल दिसला, आणि त्यात ती दिसली. एका धनगर बाईने, असं लिहिलेलं. माझ्याबद्दल काय असणार? घासलेली हाडं आणि विळ्याची मूठ. पुण्याची जागा तिला मिळणार नव्हती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तिला लिहिता येत नव्हतं, तिला नेऊन कोणी मदतनीस करणार नव्हतं. तरीही मला वाटत होतं की ती माझ्या ताटातलं उचलून नेते आहे.

मी लिहिलं, "बाहेर टाकलेल्या मातीच्या ढिगातून. थर माहीत नाही."

अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं.   संध्याकाळपर्यंत मी चर बुजवून घेतला.

पंधरा दिवसांनी पुण्याहून पत्र आलं. बाकी सगळं ठीक होतं. शेवटी लिहिलं होतं की त्या पुडीतल्या गोगलगायी ढिगातल्या असतील तर कालपरवाच्या पावसाच्याही असू शकतील, त्यांचा उपयोग नाही. पण थरातल्या असतील तर बाकी सगळ्या पेट्यांपेक्षा ती एक पुडी मोलाची. "तुम्ही कुंभारीला जाऊन बाईंना विचारावं. त्यांना नक्की आठवत असेल."

मी गेलो. खोटं बोलायचं तर निदान जाऊन यावं, एवढी माझी नीती शिल्लक होती. ती झोपडीपुढे एका कोकराचा पाय बांधत बसली होती. मला बघून उठली, घोंगडी अंथरली, ताक आणून दिलं. तिच्या हातचं ताक मी कधी प्यालो नव्हतो. त्या दिवशी प्यालो. मी पावसापाण्याचं विचारलं, मेंढरांचं विचारलं. तिने आपण होऊन विचारलं, "सायबाचं पत्र आलं का?"

पत्र माझ्या कोटाच्या खिशात होतं. मी म्हणालो, "नाही अजून."

"येईल की," ती म्हणाली. "त्यास्नी घाई नसती."

घरी येऊन मी उत्तर लिहिलं, "विचारलं. तिला आठवत नाही म्हणते."

जागा मला मिळाली. आम्ही पुण्याला गेलो, बायकोने ठरवलेलीच भांडी घेऊन. अहवाल पुढच्या वर्षी छापून आला. त्यात पावसाबद्दल एवढंच होतं की खात्रीलायक पुरावा हाती आला नाही. शेवटी आभार होते, आणि त्यांत माझं नाव, "काटेकोर नोंदींबद्दल." ती प्रत माझ्या हातात देताना प्राध्यापक म्हणाले, "मला एक गोष्ट राहून राहून नवलाची वाटते, मास्तर. ती बाई विसरणारी वाटत नव्हती हो."

मी म्हणालो, "अडाणी माणसं. हातातलं काम संपलं की विसरतात."

 त्यांनी चष्मा पुसला आणि दुसरं काम काढलं. त्यांना शंका आली होती का, हे मला कधीच कळलं नाही, आणि त्यांच्या खोलीत जाताना मी प्रत्येक वेळी त्यांच्या चेहऱ्यावर तेच शोधत राहिलो.

दोन वर्षांनी मी रजा घेऊन सोलापूरला आलो, आणि सायकल मागून घेऊन कुंभारीला गेलो. पश्चात्तापाने गेलो असं लिहायला मला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर मी पिशवीत फूटपट्टी, कुदळीचं पातं आणि कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन गेलो होतो. तोच थर पुन्हा उघडायचा, त्या गोगलगायी पुन्हा काढायच्या, आणि ह्या खेपेला त्या मी काढल्या असं लिहायचं. दोन वर्षं पुण्यात राहूनही माझं तिच्याशी चाललेलं भांडण मिटलं नव्हतं.

टेकाड तिथे नव्हतं. ओढ्याच्या काठाला सपाट जमीन होती आणि तिच्यावर गाडीच्या चाकोऱ्या होत्या. आम्ही बुजवलेली माती भुसभुशीत, उपसायला सोपी. लोकांनी आधी ती नेली आणि मग तिच्या मागोमाग सगळं टेकाड. कुंभारीच्या माळवदांवर आणि शेतांवर आता तो वरचा राखेचा थर, तो खालचा थर आणि मधली ती काळी माती एकत्र पसरलेली होती. मी पिशवी खाली ठेवून उभा राहिलो. 

ती मेंढरं घेऊन ओढ्याकडून वर आली. आता वीसेक मेंढरं होती. मला तिने लांबूनच ओळखलं. "मास्तर! कवा आलासा?" जवळ येऊन तिने मला नीट बघितलं, पुण्याचा कोट बघितला. मग सपाट जमिनीकडे हात करून म्हणाली, "नेली समद्यांनी. म्या म्हनलं हुतं, सायेब पुना येतील, ऱ्हाऊ द्या. कोन ऐकतंय."

मी पिशवीचं तोंड दुमडून घेतलं.

"मास्तर," ती म्हणाली, "त्या गोगलगायीचं काय झालं? सायेब काय म्हनलं? पानी हुतं का हितं?"

मी म्हणालो, "साहेब म्हणाले, पक्कं सांगता येत नाही. त्या कुठल्या थरातल्या ते कळत नाही."

तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. राग नव्हता, नवल होतं. "कळत न्हाय? आसं कसं?" ती चालत गेली, चर जिथे होता त्या जागी जाऊन नीट उभी राहिली, इकडे सरकली, थोडी तिकडे सरकली, कडुलिंबाकडे बघून अंदाज घेतला. मग तिने उजवा हात आडवा करून आपल्या गळ्याशी धरला. टेकाड असतं आणि खुंटी जागेवर असती, तर खुंटीपासून तिच्या त्या हातापर्यंत बरोबर चार फूट दोन इंच भरले असते.

"उभी ऱ्हायली तवा काळी माती माझ्या गळ्याला लागत हुती," ती म्हणाली. "अन् चराचा काठ माझ्या डोस्क्याच्या दोन हात वर हुता. तुमीच मोजलंत की, दोन टायमाला." मेंढरं तिच्याभोवती उभी राहिली होती. हात तसाच गळ्याशी ठेवून ती मला म्हणाली, "सायबास्नी म्हनावं, मला इचारा की. मला समदं ठावं हाय."